अठरा वर्षांनी पुन्हा खारं पाणी: दोन फुटी रीफ टाकी कशी उभारायची

26 जुलै 2005 ला आम्ही कालिन्यात राहत होतो. घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून पुराचं पाणी घरात आलं नाही. पण लाइट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. हॉलमध्ये माझी तीन फुटी मरीन टाकी होती. पहिली रात्रभर मी आणि आई आळीपाळीने लोट्याने पाणी वर उचलायचो आणि उंचावरून परत टाकीत सोडायचो, तेवढीच पाण्यात हवा मिसळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी हात भरून आले. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते, रात्री तेही थांबलं. त्या काचपेटीत पुढची कित्येक वर्षं आम्ही रद्दी ठेवली.

2023 मध्ये ठाण्याला पुन्हा खाऱ्या पाण्याची टाकी लावली, मासे आणि प्रवाळं एकत्र असणारी, म्हणजे रीफ टाकी. मध्ये अठरा वर्षं गेली. सुरुवातीला वाटलं, आपल्याला सगळं येतंय. तोच माज नडला, आणि पहिल्या दोन महिन्यांत नवख्याने केल्या नसत्या अशा चुका केल्या. हा लेख पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याला हात घालणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्यासारख्या परतून आलेल्यांसाठीही. एकच गोष्ट आधी सांगतो: पैसा आणि लक्ष पाण्यावर घाला, माशांवर नंतर. माझा खर्च चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) सोडून चाळीस हजारांच्या आसपास गेला, चिलर धरून साठ. त्यात मासे आणि प्रवाळांचा वाटा सहावा हिस्सासुद्धा नव्हता.

आधी कायदा, मग हौस

हे बहुतेक जण शेवटी सांगतात, म्हणून मी पहिल्यांदा सांगतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 आहे आणि 2001 साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं आली. काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन-पाइप, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच वेळी आल्या. पहिली अनुसूची म्हणजे ज्यात वाघ आहे ती. परदेशी व्हिडिओंत दिसणारी रंगीबेरंगी फांद्यांची प्रवाळं, मेंदूसारखी वळ्यावळ्यांची प्रवाळं, ही सगळी कठीण प्रवाळं. दुकानदार 'बाहेरून आलंय, काही होत नाही' म्हणाला तरी हात लावू नका.

जुन्या काळी आम्ही सर्रास 'लाइव्ह रॉक' घ्यायचो. तो दगड म्हणजे मेलेल्या कठीण प्रवाळाचा सांगाडाच. तेव्हा हा विचार डोक्यात आला नाही, आज आला की ओशाळायला होतं. सुदैवाने आता त्याची गरजच उरलेली नाही, त्याबद्दल पुढे.

मग ठेवायचं काय? मशरूम, झोआंथिड (दुकानात नुसतं 'झोआ' म्हणतात), लेदर, झेनिया ही मऊ प्रवाळांची मंडळी. यांना दगडी सांगाडा नसतो, ती कठीण प्रवाळांच्या गणात मोडत नाहीत, आणि नवख्याच्या हातून सहजी मरतही नाहीत. घेताना पक्कं बिल मागा, त्यावर प्राण्याचं नाव लिहून घ्या.

जागा आणि पेटी

माझी पेटी 24 इंच लांब, 15 रुंद, 16 उंच. हिशेबाने 94 लिटर. दगड-वाळू घालून आणि वर दोन बोटं रिकामी ठेवून प्रत्यक्षात पाणी 75 लिटर बसतं. याहून लहान घेऊ नका. लहान टाकी सोपी वाटते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं.

काच 8 मिलिमीटर. स्टँडसकट सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे दोन धडधाकट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी. टाकी भिंतीला लागून, बीमच्या बाजूला ठेवा, खोलीच्या मधोमध नको. खिडकीचं थेट ऊन नको. स्टँडवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बघा. गवंडी वापरतो तीच, दीडशे रुपयांत मिळते. मग थर्माकोलची शीट आणि त्यावर पेटी. पहिलं भरणं साध्या नळाच्या पाण्याने करा, दोन दिवस तसंच ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा. कागद ओला झाला तर काचवाल्याला तेव्हाच बोलवता येतं.

खारं पाणी आणि वीज यांची मैत्री करू नका. प्रत्येक वायरला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नसेल तर टाकीच्या आधी तो बसवा.

पाणी

इथे थोडा वेळ थांबू या, कारण नव्वद टक्के भानगडी इथेच सुरू होतात.

घरात प्यायच्या पाण्याचा आरओ असतोच, तेच पाणी वापरू, असं मला वाटलं होतं. मी तेच वापरलं. तीन आठवड्यांत काचेवर हिरवी-तपकिरी गोधडी आली. मग टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन बुडवून बघितला: 62. घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतात किंवा शेवटी खनिजांची नळकांडी असते. आपल्याला चव नकोय, आपल्याला शून्य हवंय. त्यासाठी वेगळा आरओ-डीआय संच घ्या. आरओच्या पुढे, उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा असतो तो. पेनवर 0 दिसलं पाहिजे. 2-3 दिसायला लागलं की रेझिन बदलायचं. पालिकेचं पाणी असेल तर रेझिन बरेच महिने टिकतं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर लवकर संपतं. फेकलं जाणारं पाणी लादी पुसायला, संडासात टाकायला ठेवा. आमच्या घरी याच अटीवर संच भिंतीवर लागला.

आता मीठ. ठाणे-मुलुंडच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाने मिठागरं बघितलेली आहेत, त्यामुळे 'खडं मीठ का चालत नाही?' हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर मिठागरातच आहे. समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियमचा मोठा भाग गेला. मग साधं मीठ धरतं, ते गोळा करतात. मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे आपल्या हातात आलेलं मीठ हा समुद्राचा एक तुकडा, अख्खा समुद्र नव्हे. प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं लागतं. म्हणून रीफचं तयार मीठच घ्यायचं.

आणि दारातला समुद्र? मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी सांडपाण्याचं आणि गाळाचं आहे, पावसाळ्यात तर त्याचा खारटपणाही पार उतरतो. खोल समुद्रातून होडीने आणलेलं पाणी कॅनमधून विकणारे आहेत आणि काही जुने लोक ते वापरतातही. मी वापरत नाही.

तयार मीठ लिटरला साधारण 38 ग्रॅम लागतं. 20 किलोच्या बादलीत पाचशे लिटरच्या वर पाणी होतं. पहिल्या भरण्याला 3 किलो, पुढे दर आठवड्याला 8 लिटर बदलायला 300 ग्रॅम, म्हणजे एक बादली वर्षभर पुरते. पण पावसाळ्यात उघडी पिशवी दमट हवेत दगड होते. मी माझं मीठ आणल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पीठ भरायच्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून ठेवतो, दर डब्यात तीन किलो. घरातल्यांना मात्र डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण एकदा भाजीत पडता पडता राहिलं.

पाणी बनवायची रीत: आधी बादलीत आरओ-डीआयचं पाणी, मग त्यात मीठ थोडं थोडं, कधीही उलटं नाही. मिठावर पाणी ओतलंत तर तळाशी कॅल्शियम कार्बोनेट पांढरं बसतं आणि ते परत विरघळत नाही. एक छोटा पंप टाकून काही तास फिरवायचं, मग खारटपणा मापायचा. मापायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारी नळी. पूर्वीचं काट्याचं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर विसरा; काट्याला दोन बुडबुडे चिकटले की ते खोटं सांगतं. रिफ्रॅक्टोमीटरही 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. आपल्याला हवं 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: बाष्प होऊन जातं ते गोडं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याची. खारं पाणी फक्त बदलताना. माझ्या टाकीतून पंखा चालू असताना दिवसाला दोन लिटर उडतात; भरलं नाही तर एका दिवसात 35 चं 36 होतं. उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अपचा सेन्सर ही चैन वाटते, पण मी टाकीतल्या मोजक्या चांगल्या खर्चांत त्याला धरतो.

गरमी आणि लाइट जाणं

परदेशी मार्गदर्शक हीटरपासून सुरू होतात. आपला प्रश्न उलटा आहे. टाकीला 25-26 अंश हवेत आणि मे महिन्यात आपली बंद खोली 32-33 वर असते. पंप आणि दिवे वरून आणखी दीड-दोन अंश चढवतात. पाणी 29-30 च्या वर काही दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांचं 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच झालं. फरक इतकाच की आपल्या टाकीचं तापमान आपल्या हातात असतं.

स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा. वाफ होताना उष्णता निघते, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण माठ जूनमध्ये काम करत नाही हेही आपल्याला माहीत आहे. माझ्या नोंदवहीतले आकडे: एप्रिलच्या कोरड्या दुपारी पंख्याने पावणेतीन अंश उतरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस येऊ घातलेला आणि अंगाला कपडे चिकटलेले असताना, तोच पंखा, तीच टाकी, जेमतेम एक अंश. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यावर भागेल. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात चिलरचे पैसे बाजूला काढूनच सुरुवात करा. चिलर टाकीच्या स्टँडमध्ये कोंडू नका. तो बाहेर गरम हवा टाकतो, तीच परत ओढतो आणि बिल वाढवतो. थंडीसाठी 50-75 वॅटचा हीटर पुरतो. ठाण्यात तो वर्षातले पंधरा दिवस लागतो, नाशिकला दोन-अडीच महिने.

लाइटचं म्हणाल तर 2005 नंतर माझं यावर फार वाचन झालंय. टाकीत मासे आधी मरतात ते गुदमरून. पाणी फिरणं थांबलं की प्राणवायू संपतो, आणि पाणी गरम असेल तर तो मुळातच कमी असतो. म्हणजे दिवा, चिलर सगळं बंद पडलं तरी चालेल, एक पंप चालू राहिला पाहिजे. आजचे वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारे पंप) आठ-दहा वॅटचे असतात, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात रात्र काढतात. तो एकच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. जोडीला बॅटरीवर चालणारा एअरपंप ठेवा, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. हे दोन्ही मिळून तेव्हा माझ्याकडे असतं तर... असो.

दगड, वाळू आणि वाट बघणं

दगड कोरडा, कारखान्यात केलेला घ्या: सिरॅमिकचा किंवा सिमेंटमध्ये सच्छिद्र माल घालून ओतलेला. सिमेंटचा असेल तर तो आधी काही आठवडे पाणी बदलत भिजवलेला आहे का विचारा, नाहीतर पीएच वर नेतो. सात-आठ किलो पुरे. रचताना भिंत उभारू नका, दोन टेकड्या करा, मध्ये आणि मागे पाणी खेळायला वाट ठेवा. दगड थेट काचेवर टेकवा आणि मग वाळू घाला; वाळूवर दगड ठेवलात तर खालून मासा किंवा कोळंबी पोखरते आणि एके रात्री धाडकन आवाज येतो. वाळू अरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), इंचभर. चौपाटीची वाळू आणायचा विचारही करू नका.

आता टाकी भरा, मीठ मापा, पंप सुरू करा, आणि मासे आणू नका. पूर्वी आम्ही स्वस्तातले दोन डॅमसेल सोडून टाकी 'पिकवायचो'. मासा स्वतःच्याच अमोनियात भाजायचा, तगलाच तर पुढे टाकीतल्या प्रत्येकाला मारत फिरायचा. आता नुसता अमोनिया घालतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही दगडावर वस्तीला येईपर्यंत थांबायचं, यालाच सायकल म्हणतात.

अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड. हा म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांड्याला लावतो तो; निखाऱ्यावरचं पातेलं आणि त्यातून उठणारा पांढरा धूर ज्यांनी लहानपणी बघितलाय त्यांना वास आठवेल. पण कल्हईचा बाजारी नवसागर टाकीत नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. 75 लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होतो. अर्धा ग्रॅम अंदाजाने कळत नाही, सोन्याचं वजन करतात तसला छोटा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. बाटलीतले जिवाणूही मिळतात. ते घाला, आठवडा-दोन आठवडे वाचतात. ते नसतील तर चार ते सहा आठवडे धरा.

सायकल झाली हे ओळखायचं कसं? पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घाला आणि 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. दोन्ही शून्य आले तर जिवाणू कामाला लागले. मग निम्मं पाणी बदला. माझी टाकी या परीक्षेत एकतिसाव्या दिवशी उतरली. तोवर बघायला रिकामे दगड. शेजारचे काका रोज विचारायचे, 'मासे पळाले का?'

सायकलनंतर टाकी कुरूप होते. आधी तपकिरी भुकटी, मग हिरवे केस, कधी लालसर जांभळी साय. दिवे आठ तासांवर ठेवा, गोगलगायी सोडा, हाताने उपटा, पाणी बदलत राहा. बाटलीतली औषधं ओतू नका. तीन-चार महिन्यांत उतरतं.

पहिले रहिवासी

सायकलनंतर आठवड्याने चार-पाच गोगलगायी, ट्रोकस किंवा टर्बो. मग मासे, एका वेळी एक किंवा एक जोडी, मध्ये तीन आठवडे.

क्लाउनफिश घ्या, आणि पैदास केलेलेच घ्या. समुद्रातून पकडलेले नकोत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवून बरीच वर्षं झाली, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम चालतं. टाकीत जन्मलेला मासा दाणे खायला पहिल्या दिवशी तयार असतो, रोगही कमी आणतो. क्लाउनला लपायला समुद्रफूल (अ‍ॅनिमोनी) लागतंच असं नाही. समुद्रफूल नव्या टाकीत टिकत नाही, चालत जाऊन पंपात अडकतं आणि मरताना सगळ्यांना घेऊन जातं. पहिलं वर्ष तरी नको.

75 लिटरला माझी यादी एवढीच: क्लाउनची जोडी, एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्या सोबतीला पिस्टल कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो, कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या शेपटीला टेकलेली. काही हललं की गोबी शेपूट झटकतो, दोघे आत. संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसत नाही, याच्यासमोर बसतो.

दुकानात काय बघायचं: माशाचं पोट आत गेलेलं नको, कल्ले भराभर हलत नकोत, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके नकोत. कुर्ल्याची दुकानं असोत की क्रॉफर्ड मार्केट, दुकानदाराला म्हणा, 'जरा खायला टाकून दाखवा'. खाल्लं तरच घ्यायचा. निळा टँग, मँडरिन, मूरिश आयडॉल, क्लीनर रास, यांच्याकडे बघा आणि पुढे चला. पहिला फूटभर होतो, बाकीचे तिघे बहुधा उपाशी मरतात.

नवा मासा थेट टाकीत नाही. चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, आणि महिनाभर निरीक्षण. ठिपके दिसले तर तांब्याचं औषध त्याच टबात. तांबं गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना मारतं, म्हणून टबाची जाळी, नळी, काहीही मुख्य टाकीत जाता कामा नये. बरीच दुकानं आपल्या टाक्यांत तांबं ठेवतात, तेव्हा पिशवीतलं पाणीही ओतू नका, मासा तेवढा जाळीने घ्या. (त्या जुलैतल्या रात्री आईच्या हातात देवघरातला तांब्याचा लोटा होता. हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं लागली. तिला सांगितलं नाही.)

प्रवाळ

टाकी तीन महिन्यांची झाली, नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान राहायला लागलं की मग प्रवाळ आणा. दोन्ही शून्य करायच्या नादाला लागू नका. मी लागलो होतो. पाणी इतकं साफ झालं की डायनोफ्लॅजलेट या सूक्ष्मजीवांची बुडबुडेदार शेंबडी साय आली, ती घालवायला दोन महिने गेले. अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट; डीकेएच हे तिचं माप) 8-9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1,250 ते 1,350 पीपीएम. मऊ प्रवाळांच्या टाकीत हे सगळं नुसत्या पाणीबदलाने टिकतं, वेगळं काही घालावं लागत नाही.

पहिला मशरूमचा तुकडा खाली, सावलीत ठेवा.  आजची एलईडी लहान टाकीत सरळ जाळते. मी पहिल्या दिवशी दिवा पूर्ण ठेवला आणि चार दिवसांत मशरूम आक्रसून बटणाएवढा झाला. 30 टक्क्यांवरून सुरुवात करा, आठवड्याला पाच-पाचने चढवा.

झोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्याला चष्मा. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक आहे. बोटाला चीर असताना हात घालू नका, तुकडे करताना पिचकारी डोळ्यात जाईल असं बसू नका. आणि झोआ लागलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं दवाखान्यात जाऊ शकतात.

प्रत्येक नवा तुकडा कोरल डिपमध्ये (कीड काढायच्या औषधी पाण्यात) दहा मिनिटं बुडवा, मग भिंगाने बघा. काचेसारखं पारदर्शक, छोट्या समुद्रफुलासारखं काही दिसलं तर ती ऐप्टेशिया, टाकीभर पसरणारी कीड. एक दिसली तेव्हाच तो दगडाचा कपचा तोडून टाका. खुडलीत तर एकाच्या दहा होतात.

रविवारचं काम आणि गणपती

दर रविवारी 8 लिटर पाणी बदलायचं, नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा जुळवून. काच घासायची, फिल्टरचा कापूस बदलायचा, चार आकडे वहीत लिहायचे. चाळीस मिनिटं. खायला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. वर जाळीचं झाकण हवंच, गोबी उडी मारतात.

खरी परीक्षा गणपतीत येते. गावी जायचं तर सात दिवस घर बंद. दोन लिटर रोजच्या हिशेबाने चार दिवसांत खारटपणा 39 वर जातो, म्हणून टॉप-अपचा डबा 20 लिटरचा ठेवा आणि निघायच्या आठवडाभर आधी सेन्सर घासून पुसून तपासा. मागे टाकी बघायला कुणी निवडताना मासे आवडणारा माणूस नको; त्याला माया येते आणि तो खायला घालतो. गेल्या वर्षी मी शेजारच्या काकांसाठी सात पुड्या बांधून ठेवल्या, दाणे मोजून, रोजची एक. उरलेलं खाणं कपाटात कुलूपबंद. परत आलो तर चार पुड्या टेबलावर तशाच, आणि टाकीत वाळूवर दोन भिजलेले मुरमुरे. काका म्हणाले, 'अरे, प्रसादाचे होते.'